सतराव्या खांबापुढे

व्होरूच्या वेशीपर्यंत सतरा खांब.
सतराव्याला लागून असलेला अंधार
मैलभर पुढच्या अंधाराहून काळा.
डोळे उजेडाला सोकावलेले असतात.

दुधाचा टँकर मी इथे
एक गियर खाली आणतो.
ऐव्हर हसतो : रस्ता तर मोकळा आहे!

मोकळाच होता त्याही रात्री.
मग कडेला, गुडघ्याच्या उंचीवर
ठिणगी झुलली :
बेकरीतून परतणाऱ्या लेयडाच्या कोटाला
दोऱ्याने टांगलेली, बिस्किटाएवढी चकचकती चकती.

बर्फावर टँकर तिरका होत होत थांबला.
काच ठोठावून ती म्हणाली,
"पाव गरम आहे अजून."

अठरावा खांब पुढच्या वर्षी, म्हणे.
तोवर ती भेटली
की आधी दोऱ्याची गाठ ओढून बघतो,
मग रामराम.