टेबल नंबर सहा

लॅबमध्ये दिवसभर आम्ही लोकांना एकच सांगतो:
बारा तास पोटात काही नको, पाणी चालेल.
आणि महिन्यातून एकदा, पगार झाला की येणाऱ्या शुक्रवारी,
चौघी बाहेर जेवतो,
चेंबूर स्टेशनजवळ, गिरियप्पाच्या टेबल नंबर सहावर.

या खेपेला पंचांग आडवं आलं.
नफीसाचा रोजा.
माझी संकष्टी, चंद्रोदय नऊ चौतीस.
फिलोमिनाचा उपवासकाळ: शुक्रवारी मांस नाही,
शिवाय यंदा तिनं चाळीस दिवस चहा सोडलाय
आणि त्याचा राग सेंट्रिफ्यूजच्या झाकणावर निघतो.
हंसाबेनचा चौविहार. सूर्य बुडाला की पाण्याचा थेंबही नाही.

पुढच्या महिन्यात जाऊ, मी म्हटलं.
हंसाबेन हातमोजे काढत म्हणाली,
एकतीसला माझा शेवटचा दिवस. विसरलीस?

म्हणून सहा वाजताच जाऊन बसलो.
गिरियप्पानं न विचारता तिची जैन पावभाजी आणली,
बटाट्याच्या जागी कच्चं केळं,
कांद्याच्या जागी कोबी, लांबून कांद्यासारखाच दिसणारा.
ती जेवायला लागली, आम्ही बघायला.
एकटीला कसंसं वाटेल म्हणून
सोबतीला एक इडली घेते, फिलोमिना म्हणाली.
तीन घेतल्या.

हंसाबेनच्या पाकिटात देरासरचा कागद,
नफीसाच्या पर्समध्ये मशिदीचा,
दोन्ही घडी घालून घालून सारखेच विरलेले.
एकावर सूर्यास्त सहा पंचेचाळीस,
दुसऱ्यावर इफ्तार सहा शेहेचाळीस.

हंसाबेननं ताटलीत पाणी ओतलं, बोटानं फिरवलं,
भाजीचा उरलेला लाल तवंग पिऊन टाकला.
शेजारच्या टेबलावरचं पोरगं घास तोंडात धरून बघत राहिलं.
मग तिनं पेला उपडा ठेवला.

आणि ते मिनिट आलं.
एकीचं संपलेलं, दुसरीचं सुरू न झालेलं.
फिलोमिनानं चमचा खाली ठेवला,
कोणी सांगितलं नव्हतं.
आत तव्यावर कुणीतरी डोसा खरवडत होतं,
गल्ल्यावर सुटे मोजले जात होते,
आमच्या टेबलावर मात्र
चार माणसांची रक्ताची तपासणी करावी
तर चारही रिपोर्ट उपाशी निघावेत, असं काहीतरी.
(फिलोमिनाचा सोडून.)

नफीसाच्या फोनवर अजान झाली.
तिनं खजूर फोडला, अर्धा फिलोमिनाला दिला.
हंसाबेननं पाण्याचा जग तिच्याकडे सरकवला,
स्वतःचा उपडा पेला जरा बाजूला करून.

बाहेर रांग वाढत गेली.
सात माणसं, एक आजोबा काठी टेकून.
आजोबांना गिरियप्पानं स्वतःचं स्टूल दिलं, टेबल दिलं नाही.
सहा नंबरची ऑर्डर चालू आहे, तो सांगत राहिला,
साडेतीन तास.
खोटं नव्हतं. तो एकाच चिठ्ठीवर लिहीत होता,
आधी जैन, मग नफीसाचा सेट डोसा,
फिलोमिनाचं आणखी काही,
आणि खाली माझ्यासाठी राखलेली मोकळी ओळ.

नऊ चौतीसला चंद्र काही दिसेना.
समोर नवा टॉवर उभा राहतोय, तिसाव्या मजल्यापर्यंत हिरवी जाळी.
हंसाबेन उठली. तिला ना चंद्राशी देणं, ना जेवणाशी,
तरी पोऱ्याबरोबर गच्चीवर चढली, गुडघे धरत,
आणि वरून ओरडली, आलाय गं, क्रेनच्या मागे!

वरणभात, तूप, लिंबाची फोड.
इतका गरम की पहिला घास मला गिळता येईना.

बिलाचे चार भाग करताना वाद झाला.
हंसाबेन म्हणे मी एकच ताटली खाल्ली,
मग म्हणे नाही, सारखेच करा.

सकाळी सातला सँपलसाठी पहिले गृहस्थ आले,
बाही वर करता करता थांबले.
उपाशीच आहे हो, पण अर्धा कप चहा झालाय. चालेल का?

आम्ही तिघींनी फिलोमिनाकडे पाहिलं.
तिनं पेन खाली ठेवलं,
आणि अगदी हळू विचारलं,
कसा होता?