अडकायची जागा

बॅटरीवाल्याकडून पाच लिटर डिस्टिल्ड पाणी,
मेडिकलमधून स्पिरिट,
गुजरीतल्या पोतदारांची जुनी आयग्लास,
आणि बायकोच्या नऊवारीचा एक मऊ तुकडा,
विचारून घेतलेला.

चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा होतो.
फिरत्या वस्तूला कुठे हात लावायचा
आणि कुठे नाही,
एवढंच मला येतं.

तबकड्या मुजावर साउंड सर्व्हिसच्या.
एकोणीसच्या पुरात, शाहूपुरीत,
पंचगंगा दुकानात येऊन बसली ती उठेचना.
कव्हरांचा लगदा, लेबलं सुटून गेलेली.
बाबालालचा नातू दोन पोती रिक्षात घालून आला,
म्हणाला, "मामा, भंगारवाला किलोनं मागतोय.
तुम्ही एकदा बघा."

पहिली मी मारली.
लाखेची होती, ठाऊक नव्हतं.
स्पिरिट लावलं आणि काळं पाणी
कोपरापर्यंत ओघळलं.
कुणी बाई गात होती त्यात, की सनई होती,
आता कळायला मार्ग नाही.
त्या रात्री जेवलो नाही.
खोटं कशाला सांगू, जेवलो,
पण भाकरी मोडताना आवाज केला नाही.

मग शिकलो.
लाखेला नुसतं पाणी आणि रिठ्याचा फेस.
ब्रश खाचेच्या वाटेनंच न्यायचा, आडवा नाही.
लेबलाच्या जागी दाबायला रबराच्या दोन चकत्या
कातून घेतल्या जुन्या शॉपमध्ये;
लेबल नाही तरी,
सवय म्हणून.
वाकलेली असेल तर दोन काचांमध्ये धरून
गच्चीवरच्या उन्हात ठेवायची
आणि शेजारी बसायचं,
चुलीवर दूध ठेवल्यासारखं.

आयग्लासमधून खाच दिसते
गगनबावड्याच्या घाटासारखी:
वळणामागं वळण,
आणि दरडीला वाळून बसलेला गाळ.
बाभळीच्या काट्यानं तो उचलायचा,
श्वास रोखून.
चहा गार होतो. बायको दुसरा ठेवत नाही.

नाव कुणालाच नाही, म्हणून खडूनं नंबर घातले.
सुकली की लावायची,
खिडकी उघडी ठेवायची,
गल्लीतलं कुणीतरी ओळखतंच.
सातवी शिंप्यानं ओळखली, दोरा दातात धरून.
अकरावी कुणीच नाही.

तेविसावी एका शब्दावर अडकायची.
पिनेवर चार आण्याचं नाणं ठेवून पाहिलं,
पुन्हा तिथंच, पुन्हा तिथंच.
आयग्लास लावली. पिवळा कण,
जवसाच्या टोकाएवढा,
हळद की गाळ, सांगता येईना.
काट्यानं अलगद काढला, पाण्यात झटकला.
गाणं सरळ शेवटापर्यंत गेलं,
तेल घातलेल्या बेअरिंगसारखं.
मी स्वतःवर खूश.

जिन्यात साळोखे काकू उभ्या,
हातात वाळवणाच्या मिरच्यांचं सूप.
"हे नव्हं ते."
म्हटलं, "तेच आहे काकू, आता स्वच्छ झालंय."
"आमच्या हळदीला हितं अडाकलं व्हतं.
धा येळा त्योच शबूद.
बाबालाल जेवण टाकून उष्ट्या हातानं पळत आला,
समदा मांडव हसाय लागला.
ह्यास्नी मला हसताना तवा पयल्यांदा बघितलं."
मिरच्या पाखडल्यासारखं सूप एकदा हलवलं
आणि खाली गेल्या.

मी परातीतलं पाणी बघायला धावलो.
बायकोनं ते तुळशीत नको म्हणून
मोरीत ओतलेलं.

आज चोविसावी काढली.
पुसली, सुकवली, आयग्लास डोळ्याला लावली.
मध्यावर काहीतरी आहे,
उजेडाकडं धरलं की चमकतं.
काटा हातात आहे.
काटा ठेवतो.
आधी चार घरी विचारून येतो.