व्हॅक्सिन डेपो, सकाळी सहा

हुद्दार मॅडमची छत्री काखेत.
आभाळ कोरडं, ऊन अजून शहापूरच्या पलीकडं.
"हळू चला की, झाड काय पळून जायलंय?"

छत्रीच्या टोकानं दाखवतात:
हे जांभूळ. नेरळे म्हणा हवं तर,
खाल्ल्यावर जीभ एकाच रंगाची.

पुढच्या पाटीवर
कुणीतरी डांबर फासलंय.
कुठल्या अक्षरांवर, कळत नाही.
मॅडम थांबत नाहीत तिथं.

थांबतात पार वळणावर,
एका खुंटाशी.
"ही बकुळ," म्हणतात. होती म्हणत नाहीत.
आणि पुढची माहिती विसरतात.

शिंत्र्यांचं पोरगं वहीत लिहितं, चौदा: बकुळ.
"आणि कन्नडमध्ये?"

मॅडम छत्री उघडतात.
"रेंजे," आतून आवाज येतो.

आम्ही अकराजण उगाचच
खुंटाला वळसा घालून जातो,
फुलं पायाखाली येऊ नयेत तसे.