टॉलरन्स

दर तीन महिन्यांनी, सोमवारी,
उद्यमनगर बंद असतं तेव्हा
मी राजारामपुरीत जातो रक्त द्यायला.
रात्री नऊची गोळी, सकाळी नऊची सुई.
मध्ये बारा तास, ना कमी ना जास्त.
सुई टोचता टोचता रियाज विचारतो,
"सातगोंडा काका, काय म्हंतंय लेथ?"
मी म्हणतो, फिरतंय.

संध्याकाळी कागद येतो. लिथियम: शून्य पॉइंट सात.
हे आकडे मला कुणी समजावून सांगायला लागले नाहीत.
पॉइंट सहाच्या खाली गेलं तर जॉब ढिला,
दीडच्या वर गेलं तर जॉब बाद.
तीस वर्षं हेच केलं.
गो गेज आत जातो, नो-गो अडतो,
आणि त्या दोघांच्या मधल्या फटीत
आमचं पोट भरतं.

ढिलं झालं होतं एकदा.
गंगावेशीत रात्री, म्हशींच्या कट्ट्यावर उभा राहून
सगळ्या रस्त्याला धारोष्ण दूध पाजलं मी,
फंडाच्या पैशांतनं.
चार रात्री झोप नव्हती. पंचगंगा
कशी वळवायची ते मला कळलं होतं,
शटरवर खडूनं काढूनही ठेवलं होतं.
लोक दूध प्यायले, मिशा पुसल्या,
"दानशूर हैस बघ गोंडा," म्हणाले.
पद्मल तेवढी रडत होती,
रिकामे ग्लास गोळा करत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा धातूच आहे.
सगळ्यात हलका. पाण्यावर तरंगतो.
हसू आलं मला.
आयुष्यभर बीड कातलं,
आणि मला धरून ठेवायला
हा तरंगणारा.

आता हात थरथरतो.
मायक्रॉनभर नाही, चांगला सूतभर.
मालकांनी तपासणीच्या टेबलाला बसवलंय.
पोरगं मोजतं, मी नुसता
बोटाचं पेर फिरवतो अन् सांगतो,
"खरखर हाय ह्यात. परत घे."
अजून चुकलेलो नाही.
एकदा चुकलो. ते जाऊ दे.

अवघड जातो तो भाद्रपद.
दशलक्षणात बस्तीत सगळे उपाशी,
काहींना तर पाणीही नाही,
आणि बाईंनी बजावलेलं:
मीठ सोडलं, पाणी तोडलं
की रक्तातला धातू चढणार.
लहानपणापासून एक पर्व चुकवलं नव्हतं मी.
पहिल्या वर्षी दार लावून जेवलो,
आमटीचा भुरका ऐकू जाऊ नये म्हणून
चमच्यानं.

दुसऱ्या वर्षी पद्मलनं दार उघडलं.
तिचा निर्जळ तिसरा दिवस, ओठ फुटलेले.
तांब्या ठेवला. ताटाच्या कडेला
चिमूटभर मीठ वाढलं,
बोटाला राहिलेला कण पदराला पुसला,
नीट, दोनदा,
आणि समोर बसली.
"खावा. आमटी गार हुतीया."

रात्री नऊला गोळी.
गोळीला पाणी लागतं,
दिवस मावळून गेला असला तरी.
तेही तिनंच दिलं,
आणि मी पिईपर्यंत
ग्लासाला खालून हात लावून धरला.