दुसरी चावी

परभणी, वसमत रोड, पिठाच्या गिरणीसमोर
बॉनेटवर पर्स पालथी केली.
बीपीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, शाळेचा शिक्का,
रसवंतीवरची सुटी नाणी.
चावी नाही.

दिलावरसिंग टीव्हीएसवर मशीन बांधून आला.
आधी म्हणाला, आरसी दाखवा.
गाडी माझ्याच नावावर. हप्तेही.

पातं घासलं त्यानं, फुंकर मारली.
इंजिन दोन सेकंद बोललं
आणि गप्प.
"दात जुळले, मॅडम, वळख नाही पटली.
मुठीत चिप असती, तांदळाएवढी.
गाडी आतून इचारती, कोण?"

अकरा वर्षं मी नुसते दातच घासले.

स्टिअरिंगखाली वायर खोचून तो बसून राहिला,
निळ्या पगडीवर ज्वारीचा भुरका.
"दुसरी चावी हाय का कुठं?"
आहे. जालन्याला.
"कुणाकडं?"
मी गिरणीच्या पट्ट्याकडे बघत राहिले.
त्यानं परत विचारलं नाही.
"ठिवू का पुसू? पुसली तर
दार उघडंल तिनं, गाडी नाही चालायची."

म्हणजे आत बसता येईल.
रेडिओ लावता येईल, काचा खालीवर करता येतील.

पुसा, म्हटलं.

बावीसशे सांगितले, दोन हजार घेतले.

रात्री भाकरीला पीठ घेताना
डब्यात बोटाला काही टोचलं.
तीच. हरवलेली.
आता तिलाही कोण ओळखतंय!
पदरानं पुसली,
खिळ्याला अडकवली.
दार तर उघडतं.