एक जून

भवानी पेठेत, गुळाच्या आडतीवर, दुसऱ्या मजल्यावर पतसंस्था.
जिन्यात गुळाचा वास, सर्व्हरच्या वायरीवरही मुंग्या.
मी वारज्याहून येते. सहा महिन्यांचं कंत्राट:
जुन्या खतावण्या नव्या टेबलांत घालायच्या.

सहा जानेवारीला, सकाळी नऊला,
तीनशे बारा सभासदांना एकदम मेसेज गेला:
वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.
सव्वानऊला मॅनेजर घोडेकरांचा फोन,
"मॅडम, आज निम्मा बाजार जन्मला का?"

चूक लगेच सापडली.
तारीख मजकूर म्हणून पडली होती, ०१/०६,
आणि यंत्राने वाचली ती परदेशी चष्म्यातून,
आधी महिना, मग दिवस.
बारा तारखेच्या पुढचे सगळे एररमध्ये अडकले.
बारापर्यंतचे गुपचूप आत आले.
चूक अशीच येते, चप्पल बाहेर काढून.

उलटवून पाहिली. नुसती पाहिली, अजून बदलली नाही.
आता तीनशे बारा जण एक जूनला जन्मले.
गट करून मोजले:
बाकी कुठल्याही दिवशी चार, पाच, फार तर नऊ.

घोडेकर हसले. "ती चूक नाही हो, ते गुरुजी."

आई म्हणायची, तारीख काय ठाऊक.
रकाना रिकामा सोडायची सोय नव्हती.
मग गुरुजी टाक दौतीत बुडवत,
पोरगं पहिलीत बसेल अशा बेताने वर्ष धरत
आणि लिहीत, एक जून.
नॉट नल, डिफॉल्ट एक जून.
हे मला कॉलेजात चार सत्रं घेऊन शिकवलं.

घरी येऊन बाबांचं आधार कार्ड पाहिलं.
असो.

दुसऱ्या दिवशी सभासद ००४१७ खिडकीशी आले.
(पुढची शून्यं गळाली होती, ती मी परत लावली.
क्रमांक म्हणजे आकडा नव्हे,
त्याची बेरीज कोण करतं?)
गेनबा खळदकर. तोलाई करायचे, आता गुडघे गेले.
फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला.
"ह्ये कुनी पयल्यांदाच म्हनलं. तारीख कंची धरू?"

मी वाचून दाखवली: एक जून, एकोणीसशे एकसष्ट.
"आई तर सांगायची, पानशेत फुटलं तवा तू पोटात.
तशीच पर्वती चढले म्हनायची."

पानशेत बारा जुलैला फुटलं.
म्हणजे कागदावर दीड महिन्याचं बाळ,
आणि खरं तर अजून यायचंच होतं.

डेट या प्रकारात
"पुरानंतर, दिवाळीच्या आत" बसत नाही.
जुन्या खतावणीला शेवटी एक रकाना होता, शेरा.
जवळजवळ रिकामाच, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी तो गाळला.
आता माळ्यावरून ती खतावणी काढली, शिंकत.
४१७ समोर जांभळ्या शाईत:
डावा अंगठा उमटत नाही, उजवा घेणे.

शेरा परत जोडला. प्रकार टेक्स्ट. रिकामा चालेल.
गेनबांच्या ओळीत दोन्ही लिहिलं, अंगठा आणि आई.

"मग आता एक जूनच करते, कागदाप्रमाणे."
ते फोन पिशवीत ठेवता ठेवता थांबले.
"माझी सा जानेवारीच ऱ्हाऊ द्या.
त्या दिशी निदान कुनी म्हनलं तरी."

हे नियमात बसत नाही. घोडेकर चहाला गेले होते.
व्हेअरमध्ये मी एक अट वाढवली
आणि एंटर दाबलं.
पडद्यावर आलं:
तीनशे अकरा ओळी बदलल्या.