मानस

हाल्दिस बाईंचा तेरावा अध्याय
मी चार वेळा टाइप केला.
चारही वेळा त्यांनी पेन्सिलीनं आडवी रेघ मारली
आणि म्हणाल्या, "उलास, इथं नुसत्या तारखा ठेव."
(उल्हास म्हणता येत नसे. ह नेहमी राहून जाई.)

दिवाडीच्या धक्क्यापासून तिसरं घर, भाड्याचं.
भिंतीवर एकही फोटो नाही. एक होता, ट्रंकेत,
वर्तमानपत्रातला, पिवळा:
दोन सेनापती हात मिळवताहेत
आणि कडेला एक करडी बाही.
"ती बाही मी. बाकीची कापली. बरं झालं."

तिकडं उत्तरेला, जिथं हिवाळ्यात सूर्य रजेवर असतो,
बाप मासे सुकवायचा लाकडी मांडवांवर.
आमच्या खाऱ्यासारखे? मी विचारलं.
"वास सगळीकडं एकच," म्हणाल्या.
एकोणतिसाव्या वर्षी गावच्या महापौर झाल्या,
कारण गटाराचा हिशेब दुसऱ्या कुणाला जमत नव्हता.
मग संसद. मग मत्स्य खातं.
मग एका मतानं पडलेलं सरकार,
आणि रिकाम्या बसलेल्या बाईला धाडलं
परक्यांच्या लढाईत, तीन दिवसांसाठी.
परतल्या त्या एकोणीस वर्षांनी.

अध्याय सहा: टेबल गोल की लांब, यात गेलेले पाच आठवडे.
अध्याय नऊ: सहीसाठी एकाच दुकानातली दोन पेनं,
एकाच शाईची, एकाच वजनाची.
अध्याय तेरा: अकरा दिवस टिकलेला युद्धविराम.
बाराव्या सकाळी, शाळेच्या घंटेआधी,
आणि तिथं रेघ.

त्या वर्षी खाजनाच्या मानशीवरून पेटलं.
पावणी घेतलेला कायतान रात्री दार उघडं ठेवी, कोळंबीसाठी;
सगुण कुंडईकराच्या शेतात खारं पाणी चढे.
कोयते निघाले तेव्हा कुणीतरी म्हणालं,
ती गोरी बाई हेच काम करायची म्हणे जगभर.

आले दोघंही. व्हरांड्यात, दोन टोकांना.
बाईंनी दोघांना एकसारख्या कपांत चहा दिला
आणि विचारलं एवढंच, माझ्या तोंडून:
"पाणी किती वाजता येतं?"
कायतान म्हणाला, पौर्णिमेला बाराला.
सगुण म्हणाला, खोटं, साडेबाराला.
कायतान म्हणाला, तुझ्या बाजूनं साडेबारा, वळणामुळं.
सगुण गप्प झाला. मग म्हणाला, ते खरं.
दोन तास ते पाण्याबद्दलच बोलत होते.
बाई एक शब्द बोलल्या नाहीत,
आणि मला भाषांतर करायला काही उरलं नाही.

अकरा महिने टिकलं ते.
मग कुणीतरी रात्री बांध फोडला,
कुणी, ते सगळ्यांना ठाऊक आहे.
मी सांगायला गेलो तेव्हा बाई खो-खो हसल्या:
"महिने! दिवस नव्हेत, उलास, महिने!"

जाण्यापूर्वी एकदा संध्याकाळी मानस बघायला गेलो.
सांगितलं त्यांना, आमच्याकडं मानस म्हणजे हे दार,
आणि मी शिकलो त्या मराठी पुस्तकात मानस म्हणजे मन.
सुकतीचं पाणी आतून रेटत होतं,
फळ्या आपोआप उघडत होत्या,
कुणी हात लावला नव्हता.
बाई बराच वेळ तिथंच, चप्पल चिखलात.

पाचव्या खेपेस तेराव्या अध्यायात त्यांनी
तारखांखाली एक ओळ घातली, मी टाइप केली:
तिथल्या लोकांना मी सगळं विचारलं.
पाणी किती वाजता येतं, हे विचारलं नाही.

ती ओळ त्यांनी खोडली नाही.